औषधाचं पाणी

“आता बऱ्या झाल्यात की त्या. अजून कशाला पाजतेस?” मुलगा दात घासत परसात आला, तेव्हा शिंपीणबाई कोंबड्यांच्या पाण्यात पावडर ढवळत होत्या.

कोंबड्या खरंच सावरल्या होत्या. परवापर्यंत त्यांच्या छातीत घरघर होती, माना टाकून त्या कोपऱ्यात बसायच्या. कोंबडा तर बाईंच्या हातातच गेला. मग लोकांचं शिवण बाजूला सारून बाईंनी एक कोंबडी टोपलीत घातली आणि गुरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पावडर दिली आणि बजावलं, “बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत अंडी कुणी खायची नाहीत.”

“उरलेली ठेवून दे,” मुलगा म्हणाला. “पुढच्या वेळी कामी येईल.”

सूनही दारात आली. “आई, छोटी रोज अंडं मागते. आज एखादं दिलं तर?”

“नको गं. दुसरं काही मागू दे, करून घालते.”

“तुझं आपलं काहीतरीच,” मुलगा हसला. “कोंबड्या आहेत, माणसं नाहीत.”

बाईंचा हात थांबला. “तुझे बाबा माणूसच होते.”

मुलाला काही उमगेना. वडील गवंडी होते, तापाने गेले, एवढंच त्याला ठाऊक होतं.

“पायाला सळई लागली, जखम चिघळून ताप भरला,” बाई पाण्याकडे बघतच म्हणाल्या. “गोळ्यांनी ताप उतरला. म्हणाले, ठणठणीत झालो, आता कशाला पोटात ढकलायच्या? थापी घेऊन कामावर गेले. ताप उलटला. मग कुठल्याच गोळीला दाद देईना.”

“कधी बोलली नाहीस.”

“तू लहान होतास. नंतर राहून गेलं.”

सून आत गेली. बाईंनी पाण्याचं भांडं कोंबड्यांपुढे सरकवलं, खुराड्यातली अंडी पदरात घेतली आणि कुंपणालगतच्या खड्ड्यापाशी गेल्या. वाकून एकेक अंडं हलकेच खाली ठेवलं. शेवटचं अजून कोमट होतं. ते क्षणभर त्यांच्या तळव्यातच राहिलं.

मुलाने चूळ भरली, भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि आईचा हात रिकामा होईपर्यंत शेजारी उभा राहिला.