पहिले चार इंच

बंद पडलेल्या सिनेमागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या खुर्च्यांमध्ये आठ वर्षं उंदरांनी सुखाने संसार केला, त्याच खुर्च्या अडवायला लोकांनी सकाळी सहापासून रुमाल टाकून ठेवले होते. आलेल्यांपैकी निम्मे लठ्ठ होते आणि उरलेले निम्मे लठ्ठांची गंमत बघायला आले होते. पडद्याखालच्या स्टेजवर एक लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, शेजारी स्टीलचा चकचकीत ट्रे आणि या सगळ्यामागे पांढऱ्या कोटातले बिनटाके बाबा.

"हॉस्पिटलात काय करतात?" बाबांनी माईक तोंडाला जवळजवळ गिळत विचारलं. "आधी पंधरा दिवस उपाशी मारतात, मग पोट फाडतात! देवाला पोट उघडायचंच असतं, तर त्यानं तुम्हाला चेन लावून पाठवलं असतं!"

हशा पिकला. टेबलावर आडवा झालेला माणूसही हसला, तेव्हा त्याचं पोट चादरीखाली वेगळं हसलं आणि पहिल्या रांगेतल्यांना ते जास्त आवडलं.

तो टपाल कचेरीतला कारकून. वजन एकशे बेचाळीस किलो, वय पस्तीस, अंगात साखर. कचेरीत त्याला सगळे 'पार्सल' म्हणत. खिडकीवर तिकीट घ्यायला आलेली पोरंटोरंसुद्धा "पार्सल आत आहे का?" असं विचारून पळत आणि तोही हसून वेळ मारून नेई. अजून नऊ दिवसांनी त्याचं वजन कमी करायचं ऑपरेशन होतं, खरंखुरं, हॉस्पिटलातलं. त्यासाठी सर्जनबाईंनी त्याला पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवलं होतं आणि आज त्यातला सहावा दिवस होता. सहा दिवसांच्या भुकेल्या माणसाला उपास नको म्हणणारा कुणीही देव वाटतो.

त्याच्या शेजारी उभी होती त्याची थोरली बहीण, टेलरताई. बावीस वर्षं ती कपडे शिवत होती आणि तिचं माप चुकलं असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. म्हणून तर बाबांनी तिलाच वर बोलावलं. खरं म्हणजे तिचा असल्या प्रकारांवर काडीचा विश्वास नव्हता. पण अख्ख्या गावासमोर "या ताईंच्या मापावर तुमचा भरवसा आहे ना?" असं विचारलं गेलं, दोनशे माणसं "आहे!" म्हणून ओरडली आणि तिची मान आपोआप ताठ झाली. शहाण्या माणसाला फसवायला एवढं पुरतं.

तिनं गळ्यातली टेप काढली तसे बाबा मागे सरले. "ती नको! त्या टेपनं शंभर परक्यांना मिठ्या मारल्यात. ही घ्या, शुद्ध केलेली."

दुसऱ्याच्या टेपनं माप घ्यायचं नाही, हा शिवणकामातला पहिला धडा. तो तिनं हाताखालच्या मुलींना पाठ करायला लावला होता. पण स्टेजवर वाद कोण घालणार? तिनं बाबांची टेप घेतली, पितळी टोक सवयीनं अंगठ्याखाली दाबलं, उरलेली टेप भावाच्या पोटाभोवती फिरवून आणली आणि आकडा वाचला.

"अठ्ठावन्न."

तिला तो जरा जास्त वाटला. वाढला असेल मेला, असं म्हणून तिनं तो विचार झटकला.

मग बाबांची बोटं कामाला लागली. ती पोटाच्या वळीत शिरली, दिसेनाशी झाली, लाल पाणी वाहिलं आणि बाबांनी दात-ओठ खात एक पिवळा गोळा ओढून ट्रेमध्ये आपटला. मग दुसरा, मग तिसरा. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाबांनी पोट पुसलं, तर ओरखडासुद्धा नाही! ट्रेखालून दुसरी टेप पुढे आली. ताईनं पुन्हा टोक दाबलं, पुन्हा टेप फिरवली, आणि तिच्याच घशातून आवाज निघाला, "चोपन्न!"

सिनेमागृहाचं छत उडायचं तेवढं बाकी राहिलं आणि बाबांच्या चरबी उतरवणाऱ्या तेलाच्या बाटल्या हातोहात खपल्या. भावजय स्टेजखाली उभी राहून हमसून हमसून रडत होती. नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून परत येणार नाही या धास्तीनं ती बिचारी महिनाभर झोपली नव्हती.

"आता तीन दिवस अनवाणी चालायचं," बाबांनी फर्मावलं. "साखरेच्या गोळ्या बंद, त्या चरबीला परत बोलावतात. आणि पोटभर खायचं! रिकामी झालेली जागा भरायला नको?"

सगळं पथ्य भावानं तंतोतंत पाळलं. गोळ्या फडताळात गेल्या. त्याच संध्याकाळी त्यानं अख्खी कोंबडी संपवली, वर आइस्क्रीमचा डबा. चार दिवस घर जेवणाच्या वासानं भरून गेलं. सर्जनबाईंनी फुप्फुसांच्या व्यायामाला दिलेलं तीन गोळ्यांचं यंत्र, ज्यात श्वास ओढून गोळे वर उचलायचे असतात, ते शेजारच्या मुलीला खेळायला गेलं. ऐन उन्हात तो तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी कचेरीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी पार्सल म्हटलं नाही. सगळे पोटाकडे बघून "खरंच उतरलंय की!" म्हणत. चार इंच गेले हे सर्वांना आधी कळलं होतं, म्हणून ते सर्वांना दिसतही होतं.

"ताई, माझ्या तिन्ही पँटी चार इंच आत घे," तो दुकानात येऊन म्हणाला. "ढगळ होतात गं आता. पट्ट्यावर धकवतोय."

तिनं घेतल्या. पुन्हा माप घ्यायची गरज तिला वाटली नाही, कारण ते तिनं स्वतः घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकानातल्या पडद्याआड पँट चढवायला गेला. आधी धापा ऐकू आल्या. मग भिंतीवर आपटल्याचा आवाज. मग बटण तुटून शिलाईयंत्राखाली घरंगळत आलं आणि कपडे न्यायला आलेल्या दोघी बायका तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाल्या.

"माप चुकवलंस!" भाऊ पडद्याआडून ओरडला. "बावीस वर्षं काय झक मारलीस?"

"चुकते कशी? बाहेर ये, मोजते."

तिनं स्वतःची टेप फिरवली. चोपन्न. म्हणजे बाबांच्या ऑपरेशननंतर होता तेवढाच. भाऊ खुलला, "बघ! चोपन्नच आहे. मग पँट का बसत नाही?"

ताईनं शिवणाची वही उघडली. गेल्या वर्षीचं पान. भावाच्या तीन पँटी, कंबर चोपन्न. चार इंच आत घेतल्यावर पन्नास. तिनं बोट ठेवून आकडा पुन्हा वाचला.

"अरे, तू अठ्ठावन्नचा होतास, तर चोपन्नच्या पँटीत वर्षभर कचेरीत गेलास कसा?"

पँट बिचारी खोटं बोलत नव्हती. त्याचं पोट आधी चोपन्न होतं, मधे चोपन्न होतं आणि आता चार दिवस चरूनही अजून तरी चोपन्न होतं. म्हणजे चुकलं होतं ते फक्त पहिलं माप. आणि ते बाबांच्या टेपचं होतं.

"तुझ्या मनात शंका होती," भाऊ पडलेल्या आवाजात म्हणाला. "बाबा म्हणाले होते, घरातल्याच्या शंकेनं गुण जातो."

"माझ्या शंकेनं तुझी पँट आखडली?"

भावजय तर सरळच बोलली, "ताई, तुम्हाला त्यांचं बरं झालेलं बघवत नाही. ते तुमच्याइतकं जगावेत, असं तुम्हाला वाटतच नाही."

ताईला ते लागलं. तिनं वही मिटली. दुपारी बाबांचा पुढचा कार्यक्रम होता आणि विश्वासाचं माप म्हणून बोलावणं पुन्हा तिलाच होतं.

या वेळी टेबलावर एक धोबीण होती. बाबांनी टेप पुढे केली. ताईनं ती घेतली आणि जे कुठलाही शिंपी करत नाही ते केलं. अंगठा उचलून टोकाकडे बघितलं. पितळी पट्टीच्या पुढचा पहिला आकडा पाच होता. एक ते चार कापून, पितळी टोक पुन्हा ठोकून बसवलं होतं. हे काम इतकं सफाईदार होतं, की कारागीर म्हणून तिला क्षणभर कौतुकच वाटलं.

तिनं ट्रेखालची दुसरी टेप ओढली आणि दोन्ही माईकजवळ लांब धरल्या. "बघा. ही ऑपरेशनच्या आधीची, हिला सुरुवातच नाही. ही नंतरची, अख्खी. पहिलीनं काठी मोजा, काठीही चार इंच जास्त भरेल. दुसरीनं मोजा, काठीचीही चरबी उतरेल!"

"बाई, हात भाजेल!" बाबा किंचाळले, कारण तिचा हात आता टेबलाच्या कडेला लोंबणाऱ्या टॉवेलकडे गेला होता. हात भाजला नाही. टॉवेलातून लाल पाण्यानं भिजलेला स्पंज निघाला आणि पिवळ्या गोळ्यांची पुरचुंडी. तिनं एक गोळा नखानं खरवडला, काडी ओढून जवळ नेली. चरबी वितळून टेबलावर मेणबत्तीच्या मेणाचे ओघळ आले. वास सगळ्यांच्या ओळखीचा होता.

लोक बाबांवर तुटून पडले असते तर गोष्ट गोड झाली असती. तसं झालं नाही. "तुझ्याच मापावर आम्ही तेल घेतलं!" म्हणून धोबीण ताईच्या अंगावर धावली आणि तिचं काय चुकलं? तेवढ्यात बाबा पडद्यामागच्या दारातून पसार झाले. पुढच्या गावी म्हणे ते गुडघे बदलतात.

खरा हिशेब तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात झाला. सर्जनबाईंनी भावाला मोजे काढायला लावले. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. तापलेल्या रस्त्यानं फोड आला, फोडाचा घाव झाला आणि साखरेनं बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ताच लागला नाही.

"अनवाणी कुणी चालायला सांगितलं?"

भावजयीनं हातातले मोजे घडी घालायला घेतले.

"आणि पातळ जेवणाचं काय झालं? ते उपाशी मारायला नव्हतं हो. चरबीनं फुगलेलं यकृत जठरावर पसरून बसतं. पंधरा दिवसांत ते आकसतं, तेव्हा कुठे मला आत दुर्बीण घालून हात चालवता येतो. आता कसलं ऑपरेशन? आधी बोट कापावं लागेल."

शेजारचंही सडलेलं निघालं, म्हणून दोन बोटं कापली. बिनटाक्याच्या ऑपरेशनला गेलेल्या माणसाच्या पायाला अकरा टाके पडले. कचेरीत त्याचं नाव आता 'फुटकं पार्सल' झालं. माणसं आपली विनोदबुद्धी अशी जपून वापरतात.

पाच महिन्यांनी नवी तारीख मिळाली. या खेपेला पंधरा दिवस भावजयीनं स्वतः पेल्यानं मोजून पातळ पाजलं. शेजारच्या मुलीकडून तीन गोळ्यांचं यंत्र परत आलं. त्याची रोजची सिगारेटही सुटली. जठर कापून केळ्याएवढं उरेल, पहिले आठवडे दोन-दोन चमचे पाणी, घोट घोट करत प्यावं लागेल, ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी उठून चालावं लागेल, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील आणि पूर्वीसारखं खाल्लं तर वजन परत येईल, हे सगळं सर्जनबाईंनी दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. "हा चमत्कार नाही," त्या म्हणाल्या. "हत्यार आहे. चालवायचं तुम्ही."

ऑपरेशन झालं. महिन्यानं भाऊ काठी टेकत दुकानात आला. ताईनं अंगठा बाजूला ठेवून, टोक त्याला दाखवून, टेप फिरवली.

"किती?"

"अडीच इंच कमी."

"बाबांनी चार केले होते," भाऊ म्हणाला, आणि कापलेल्या बोटांच्या जागी रिकाम्या राहिलेल्या बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. त्या अडीच इंचांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाबांची ती टेप ताईनं दुकानात आरशाशेजारी टांगली आहे. कपडे शिवायला येणारा प्रत्येक जण विचारतो आणि ती प्रत्येकाला सांगते: चमत्कार बघायला खुशाल जा, पण मोजायला आपली टेप न्या. ती नेऊ दिली नाही, तर तिथूनच परत फिरा. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरला विचारा. हे सांगताना ती कधीच चारचौघांत ताठ मानेनं उभी राहत नाही. कारण ते अठ्ठावन्न तिच्याच तोंडून निघालं होतं.