वाऱ्याचा आकडा

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इम्तियाजभाईंचा लोखंडी शेड बांधायचा कारखाना आहे. कोणत्या शेडला किती जाडीचं लोखंड लागेल, हा सगळा हिशेब ते वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये करत आले. अंजू राठोड इंजिनियर होऊन तिथं लागली तेव्हा ती फाइलही तिच्याकडे आली.

दिग्रसच्या एका कापूस जिनिंगवाल्याला मोठं शेड हवं होतं, पण दोन खांबांमधला गाळा किती रुंद ठेवायचा हे त्याचं ठरत नव्हतं. तो रोज नवं माप सांगे आणि अंजू रोज फाइलची नवी प्रत काढे. शेवटी ती वैतागली. "इम्तियाजभाई, मी याचा पायथनमध्ये प्रोग्रामच लिहीन. माप बदललं की हिशेब आपोआप होईल."

"लिही. पण सही माही असते," इम्तियाजभाई म्हणाले. "जे मले वाचताच येत नाही, त्याच्यावर सही कशी करू?"

तरी तिनं प्रोग्राम लिहिला आणि जुन्या शेडांवर चालवून पाहिला. सुरुवातीच्या सगळ्या शेडांचा हिशेब एक्सेलशी बरोब्बर जुळला. पांढरकवड्याच्या शेडापासून पुढं मात्र एकही जुळेना. आधी तिनं स्वतःचीच चूक शोधली. सापडली नाही, तेव्हा त्या शेडाचं एक्सेल उघडलं. वाऱ्याच्या दाबाच्या खान्यात फॉर्म्युलाच नव्हता, नुसता आकडा होता.

"हा कोणी टाकला?"

"मीच. पांढरकवड्याले मोकळं रान, वारा सरळ अंगावर येते. म्हणून वाढवला." बोलता बोलता इम्तियाजभाई थांबले. "अन् मग तीच फाइल पुढच्या शेडांले वापरत गेलो..."

"पडणार नाहीत ती. उलट गरजेपेक्षा दणकट झाली," अंजू हसली. "पण दिग्रसले तसं नको."

सहीचा प्रश्न उरलाच होता. मग तिला सुचलं. पायथनमध्ये मापांची नावं मराठीतही देता येतात! तिनं सगळी इंग्रजी नावं काढून गाळा, उतार, वारा अशी नावं घातली. वाऱ्याचा आकडा आणि त्याचं कारण भरल्याशिवाय प्रोग्राम पुढं सरकणार नाही, अशी सोयही केली.

इम्तियाजभाई चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचत गेले. एका ओळीवर बोट अडलं. "गाळा कुठून मोजला? खांबाच्या मधातून का बाहेरून?"

"मधातून."

"मंग तसं लिही ना इथं."

तिनं लिहिलं. दिग्रसवाल्यानं सांगितलेल्या पाचही मापांचा हिशेब प्रोग्रामनं चहा येईपर्यंत काढून दिला. जिनिंगवाल्यानं त्यातलं एक पसंत केलं, आणि इम्तियाजभाईंनी बेधडक सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरासमोरच्या छोट्या पत्र्याच्या छपराचं विचारायला आलं. इम्तियाजभाई उत्साहानं म्हणाले, "अंजू, लाव तुहा प्रोग्राम!"

"कायले?" अंजू म्हणाली. "एवढ्याशा छपराले एक्सेलच बरं. फक्त खान्यातला फॉर्म्युला पुसू नका."