पेरापेरातून

धाकटीनं सुरीनं बटाटा चिरला आणि तिच्या तोंडून शिवीच निघाली. बटाट्याच्या पोटातून हरळीचा पांढरा टोकदार कोंब आरपार गेला होता. टोपलीतले निम्मे बटाटे असेच भोसकलेले! टपाल कचेरीतून आल्यावर रोज कंबर मोडेपर्यंत खणून तिनं तो वाफा केला होता.

हरळी येत होती कुंपणापलीकडून. पलीकडे थोरल्या जाऊबाईंची हिरवळ. जागेची वाटणी झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. पण वाटणी माणसांची झाली, गवताला कोण सांगणार? उन्हाळा लागला की त्याच्या अंगात येतं. जमिनीवरून पळतं, खालून पळतं, कुंपण तर त्याच्या खिजगणतीतही नसतं.

"मुद्दाम करतात या!" ती नवऱ्याला म्हणाली. त्यानं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. शहाणा माणूस!

मग तिनं उट्टं काढायचं ठरवलं. भाड्याचं यंत्र आणून सगळा वाफा घुसळून काढला आणि हरळीचे तुकडे पाट्या भरभरून जाऊबाईंच्या शेवंतीत फेकले. "घ्या तुमचं तुम्हाला!"

जाऊबाई काय कमी होत्या? त्यांनी कुंपणाला लागून खत टाकलं आणि पाण्याचा पाइप तिथंच सोडून ठेवला.

व्हायचं तेच झालं. शेवंती हरळीत बुडाली आणि धाकटीच्या वाफ्यात माती दिसेनाशी झाली. यंत्रानं हरळी मारली नव्हती, नुसती चिरली होती. हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, हे तिला तेव्हा कळलं.

आता तिनं तणनाशक आणलं. कुंपणाच्या कडेला नाही, पलीकडची अख्खी हिरवळ जाळायची. पंप पाठीला बांधून ती निघाली, तेवढ्यात नणंद आडवी आली. नणंद चार दिवस या घरी, चार दिवस त्या घरी राहत असे आणि दोन्हीकडे खरं बोलत असे.

"कुठं निघाली स्वारी?"

"वन्सं, आज मध्ये पडू नका. त्या गवताचा काटा काढणार आहे मी."

"दादा रोज त्या गवतावर अनवाणी चालतो, ठाऊक आहे ना? अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला घरातल्या फरशीवर उभं राहायचं धाडस होत नाही. गवतावर पडला तरी लागत नाही, म्हणून चालतो. तुझं औषध त्याच्या पायांना लागेल."

"लागू दे!"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. अरेरे, हे मी बोलले? ज्या दिरानं तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या दारात रात्र बसून काढली, त्याच्या पायांना?

नणंद चिडली नाही. "तू हरळी तोडलीस, ती दुप्पट झाली. थोरल्या वहिनीनं रागाला खतपाणी घातलं, तोही दुप्पट झाला. आणखी किती वाढवायचं ते सांग."

धाकटीनं पंप उतरवला. तशीच कुंपणापाशी गेली. पलीकडे दीर बाकाला धरून पाऊल टाकत होते, जाऊबाई मागे हात पसरून उभ्या होत्या.

"जाऊबाई, शेवंती मी बुडवली," ती म्हणाली. आवाज अजून तापलेलाच होता.

जाऊबाईंनी आधी दिरांना बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, "पाइप मी सोडला होता."

पुढच्या रविवारी कुंपणालगत दोन हात खोल चर खणला गेला आणि त्यात पत्रे उभे गाडले. पत्र्यावरून डोकावणारे कोंब थोरली दर आठवड्याला कापते. धाकटी वाफ्यातली हरळी न तोडता, मुळासकट उपसून उन्हात वाळवते. दोघींचं गूळपीठ जमलेलं नाही, अजूनही मोजकंच बोलतात. पण बोलतात.

मंडळी, शेजाऱ्याचा राग कुणाला येत नाही? येऊ द्या. पण त्याचे तुकडे करून कुंपणापलीकडे फेकू नका. हद्द आखा आणि समोर उभं राहून बोला. सूड मुळासकट उपसावा लागतो, आणि तो आधी आपल्याच वाफ्यातून.

यंदा धाकटीनं पहिला बटाटा चिरला, तो आतून स्वच्छ निघाला. तिनं टोपली अर्धी केली आणि कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "जाऊबाई!"