ओव्हनचं दार उघडायचं नसतं

काट्याचा डावा दात बाकीच्या दोघांपेक्षा रुंद होता — केक त्यानेच कापता यावा म्हणून — आणि वापरून वापरून त्याची कड झिजून मऊ झाली होती. दांड्यावर आईच्या नावाची दोन अक्षरं. त्यातलं दुसरं पुसत चाललेलं. आस्मुस त्या अक्षरावरून अंगठा फिरवत बसला होता. चांदी गार होती. डावा खांदा दुखत होता.

दुखत होता, की दुखतोय असं त्याला वाटत होतं?... सकाळपासून हाच घोळ. कळ म्हणावी तर कळ नाही. कोणीतरी मागे उभं राहून बोट टोचत राहावं, तसं काहीतरी. सकाळी शेडमधून मावशीची लाकडी टेबलं त्यानेच उचलून आणली होती, म्हणजे स्नायू धरला असेल. पण टेबलं आणली दोन्ही हातांनी आणि दुखतोय एकच. डावाच. घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरने बजावलं होतं — डावा खांदा दुखला, छाती धडधडायला लागली, ताप आला, तर वाट बघायची नाही, फोन करायचा. जठर कापून वरती अंड्याएवढी पिशवी शिवली आहे, तिचा एखादा टाका सुटला तर आतलं सगळं पोटात पसरतं आणि दुखतो मात्र खांदा. पोट फाटल्यावर खांद्याने का बोंबलावं? पण शरीर असंच हरामखोर असतं, चोरी एकीकडे आणि बोंब दुसरीकडे.

आणि फोन त्याने केले नव्हते असं थोडंच होतं? इतके केले होते की सिस्टर आवाजावरून ओळखायला लागली होती — "बोला आस्मुस, आज काय, खांदा का?" चांगली बाई होती, हसून बोलायची, आणि ते हसणंच त्याला लागायचं. दर वेळी काही निघायचं नाही. कधी गॅस, कधी घाईने गिळलेला घास, कधी नुसतीच भीती. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याच्या गोष्टीत शेवटी लांडगा येतोच, हे लहानपणी ऐकलेलं... म्हणून आज फोन करायचा नाही असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. बायकोला, एल्सेलाही सांगितलं नव्हतं. ती शेजारी बसली होती आणि त्याच्या ताटलीकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होती.

"घे ना रे बाळा," बोथिल्डमावशी म्हणाली. "तुझ्या आईच्या हातचाच समज."

बाळा! पन्नाशी उलटलेल्या, दुधाचा टँकर चालवणाऱ्या माणसाला.

समोर टेबल होतं — टेबलाला टेबल जोडून खिडकीपासून दारापर्यंत नेलेलं, आणि त्यावर पांढरा कपडा दिसायला जागा नव्हती. वेलचीचे बन, लोण्याच्या वळ्या, सफरचंदाचा केक, क्रीमचे रोल, मग बिस्किटांच्या बश्या. सात मऊ आणि सात कडक, हा इकडचा जुना नेम. आणि मधोमध आईचा केक, काळ्या पावाचा. शिळा काळा पाव किसून, हेझलनट घालून भाजलेले थर, मध्ये बागेतल्या आंबट काळ्या बेरींचा जॅम, वरून क्रीम. बशी फिरत येते, आपण एक उचलायचा, पुढे द्यायची. न उचलता पुढे देणं म्हणजे कोणी हात पुढे केल्यावर आपले हात खिशात घालणं. आमच्याकडच्या माणसांना प्रेम बोलता येत नाही. ती लोणी फेटतात. कोणी जन्मलं, फेट लोणी. कोणी मेलं, फेट लोणी. आणि ज्याला खाता येत नाही त्याने कुठे जावं?

मी खायचो. माझं खाणं बघायला बायका स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायच्या. "आमचा आस्मुस ताटात काही ठेवत नाही," आई म्हणायची, आणि तिच्या गालांवर जे चढायचं त्याला दुसरा शब्द नाही, अभिमानच तो. बोथिल्डमावशी वर आणखी एक तुकडा वाढायची. तो संपला की टाळ्या. त्याच बायका मग शाळेतल्या वजनकाट्याबद्दल ऐकून हळू आवाजात बोलायला लागल्या. आधी भरवायचं, मग हसायचं, मग डॉक्टरने म्हणायचं की कापून घ्या. माहितीपत्रकावर एक सडपातळ जोडपं सायकली धरून हसत होतं. त्या दोघांची पोटं कोणी कधी कापली होती, देव जाणे.

तरी... ओव्हनसमोरची ती लाल फरशी. आई भांडं खरवडायला द्यायची आणि तो ओव्हनच्या काचेला नाक लावून बसायचा. आत केक फुगत असायचा — फुगतोय की नाही, दिसायचं नाही, काच धुरकट — आणि छाती धडधडायची. खरंच धडधडायची. हात ओव्हनच्या दाराच्या मुठीकडे गेला की आई पाठ न वळवता म्हणायची, "दार उघडू नकोस. उघडलंस की बसतो." तिला पाठीला डोळे होते. बाहेर खाडीकडून वारा यायचा, बांधावरच्या मेंढ्या ओरडायच्या, आणि आत ते दोघं, आणि काचेमागे काहीतरी चाललेलं, ज्याच्यात आपला हात नाही... पुढे साखरेने तिचा आधी अंगठा नेला, मग पाऊल. पाऊल गेल्यावरही ती स्टुलावर बसून फेटत होती, आणि तो समोर बसून खात होता. काय करणार? नको म्हणाला असता तर ती दोनदा मेली असती. ती गेली, आणि मागच्या हिवाळ्यात टँकरमधून उतरताना त्याला आपल्याच पायाची बोटं जमिनीला टेकल्याचं कळलं नाही. तेव्हा त्याने कापून घ्यायला होकार दिला.

पण एल्से सोडून सांगितलं कोणाला नाही. कसं सांगणार? गावातल्या एका बाईने हेच ऑपरेशन करून घेतलं होतं, तेव्हा याच टेबलावर मावसभाऊ लोरेन्स म्हणाला होता, "तोंड शिवायचं सोडून पोट शिवून आली बया!" सगळे हसले होते. सगळ्यात मोठ्याने आस्मुस हसला होता, त्याचं पोट टेबलाला लागून कप वाजेपर्यंत.

आता पोट टेबलाला लागत नव्हतं. मध्ये गार हवेची एक जागा होती, टँकरच्या स्टिअरिंगपाशी असते तशीच, आणि त्या जागेत कोणीतरी बसायचं राहिलंय असं त्याला सारखं वाटायचं. सदरा खांद्यांवरून लोंबत होता. चेहरा, एल्से म्हणायची, कापलेल्या टायरसारखा झाला होता.

त्याने रुंद दाताने नखाएवढा तुकडा कापला. तोंडात ठेवला. चावला, चावला, पाणी होईपर्यंत चावला, जसं शिकवलं होतं तसं — आणि काळ्या पावाचा तो किंचित कडवट वास नाकाच्या मागून वर गेला आणि क्षणभर कुठलाही खांदा नव्हता. लाल फरशी होती.

मग त्याने वर बघितलं, तर सगळे त्याच्याकडे बघत होते.

बघत होते आणि कोणी हसत नव्हतं. काहीतरी चुकत होतं. आल्यापासून चुकत होतं. लोरेन्सने दारात 'काय रे पिंपा' म्हटलं नव्हतं. आयुष्यभर त्याने दुसरं काही म्हटलं नव्हतं. आज त्याने आस्मुसचा कोट काढून घेतला होता आणि खुंटीला लावला होता. तुकडा नखाएवढा का, म्हणून कोणी टोमणा मारला नव्हता. आणि हे टेबल — हे मावशीने आईच्या मयतानंतर एकदाही मांडलं नव्हतं, गुडघे गेलेत म्हणून. मग आज कशाला मांडलं? ना वाढदिवस, ना सण. लोरेन्स आख्खा देश ओलांडून कशाला आला?

लोरेन्स उठून मागे आला. त्याने हात ठेवला तो नेमका डाव्या खांद्यावर.

"हळूहळू खा," तो म्हणाला. आवाज घोगरा. "घाई नाही काही. आणि ऐक... एल्सेला आम्ही एकटं पडू देणार नाही. घराचं, टँकरचं, काय असेल ते मी बघेन. तू तो घोर लावून घेऊ नकोस."

एल्सेने मान खाली घातली. तिला हसू येत होतं की रडू, तिलाच कळत नसावं.

हे लोक मला पोचवायला आलेत.

असं होय! माणूस वाळत चाललाय, खात नाही, विचारलं तर विषय बदलतो — यांनी आपापसांत कर्करोग ठरवून टाकला. ठरवला आणि लोणी फेटायला घेतलं. तो स्वतःच्याच मयताच्या कॉफीला बसला होता आणि आईचा केक खात होता. त्याला मोठ्याने हसायला हवं होतं. हसू आलं नाही. त्याऐवजी छाती धडधडायला लागली, आधी हळू, मग बांधावरून पळत सुटलेल्या जनावरासारखी, आणि कपाळावर घाम आला. साखर असेल. एवढ्याशा केकने? होतं, असं सिस्टरने सांगितलं होतं. गोड गेलं की घाम येतो, धडधडतं. किंवा टाका. किंवा नुसती भीती. तिघांचा चेहरा एकच, कोणाला ओळखणार?... आणि यांनी चुकीचं धरलं असलं तरी एवढ्या जणांना एकदम कसं कळलं? जनावरांना कळतं तसं कळलं असेल तर? कारण चुकीचं आणि निकाल बरोबर, असंही असतं.

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. चालताना त्याने नाडीवर बोट ठेवून स्वतःचं मनगट धरलं होतं.

मावशी त्याच्या मागोमाग कॉफीची किटली घेऊन आली. ऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, दंड अजून सुताराचे. दार तिने पायाने लोटलं.

"दुखतंय का फार?" तिने विचारलं.

"मावशी, मला कर्करोग नाहीये."

"बरं," ती म्हणाली, वेड्याला म्हणतात तसं.

"खरंच नाही. मी पोट कापून घेतलंय. वजनासाठी. ते... त्या बाईने केलं होतं ना, तेच."

मावशीने किटली खाली ठेवली. बराच वेळ ती त्याच्या सदऱ्याकडे बघत राहिली, सदऱ्याच्या आतल्या रिकाम्या जागेकडे.

"म्हणजे मरत नाहीस?"

"ते... माहीत नाही. आत्ता तरी नाही."

"मग खात का नाहीस?"

"जात नाही गं. अंड्याएवढं पोट ठेवलंय."

"अंड्याएवढं!" तिने ओट्याला धरलं. "परकं प्रशियन सैन्य होतं इथे माझ्या आजीच्या वेळी. खानावळीत आपल्या भाषेची सभा भरली तर दारूचा परवाना काढून घ्यायचे. मग बायकांनी दारूऐवजी कॉफी मांडली आणि इतके केक मांडले की त्यांचे शिपाई वासाने वेडे व्हायचे. त्यांना हे टेबल रिकामं करता आलं नाही, आणि तुझ्या त्या डॉक्टरने केलं? गुडघ्यांना पट्ट्या बांधून फेटलं मी, मेल्या! रडत फेटलं! क्रीममध्ये मीठ गेलं असेल माझं!" आणि तिने दार उघडून बैठकीत ओरडून सांगितलं, "मरत नाहीये हा! पोट शिवून आलाय नुसता!"

पलीकडे आधी एल्सेचं हसू फुटलं, रडण्यासारखं. मग लोरेन्स — "आँ? आणि मी त्याचा कोट खुंटीला लावला? पिंपा, बाहेर ये साल्या, तुझ्या वाटचे सगळे केक आता मी गिळायचे का?"

पिंपा. त्या शब्दाने आत काहीतरी सैल झालं; इतकं सैल झालं की त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं. आयुष्यभर ज्या शब्दाचा राग केला तो असा घरी आल्यासारखा आला. पण खांदा होता तिथेच होता. टोचत होता.

"मावशी, दार लाव."

तिने लावलं.

"खांदा दुखतोय. डावा. आणि हे..." त्याने मनगट पुढे केलं. "टाका सुटला तर असं होतं म्हणतात. नसेलही. मी सारखा फोन करतो, दर वेळी काही नसतं. आता लाज वाटते."

कोणाजवळ हे तो असं बोलला नव्हता. एल्सेजवळ नाही, सिस्टरजवळही नाही. तिथे तो लक्षणं सांगायचा. लाज नाही सांगायचा.

मावशी हसली नाही. घाबरलीही नाही. खिडकीच्या कट्ट्यावरून तिने कोंबडीच्या आकाराचं एक घड्याळ उचललं, केक भाजताना लावायचं, चोच झिजलेलं, आणि पिळलं. टिकटिक सुरू झाली. मग भिंतीवरचा फोन काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"गप्प बस. मोजू दे. मग लाव, काही निघो न निघो. त्यांना पगार त्याचाच आहे. तुझी आई पायाची बोटं काळी पडेपर्यंत डॉक्टरला सांगायला लाजली होती."

तिने त्याचं मनगट धरलं. बोटांना पीठ होतं, पिठाखाली वेलची. तिचे ओठ हलायला लागले, अंडी फोडून भांड्यात टाकताना हलायचे तसे. त्याला वाटलं विचारावं, किती झाले? जास्त आहेत का? पण ती खिडकीबाहेर बघत होती, बांधाकडे, आणि तोंडात आकडे होते, आणि ओव्हन अजून पूर्ण निवला नव्हता. त्याची ऊब त्याच्या नडगीला लागत होती. काचेमागे अंधार. आईच्या घरी अशाच अंधाराशी नाक लावून तो कधीकाळी असाच बसला होता, छाती अशीच धडधडत — तेव्हा त्या धडधडीला भीती म्हणत नव्हते. तेव्हा तिला काय म्हणायचे?...

शब्द आठवेना. घड्याळ टिकटिकत होतं. त्याने हात ओव्हनच्या मुठीकडे नेला नाही. घंटा वाजेल तेव्हा वाजेल. तोवर मनगट दुसऱ्याच्या हातात होतं, आणि मांडीवरचा फोन वाटला होता तेवढा जड नव्हता.