सुपातली जास्तीची मूठ

काम संपलं की सुनंदाबाई मोरीवर जायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग पाय, आणि पाणी पुरतं वाहून जाईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या. या घरात जे पाहिलं, जे ऐकलं, ते त्या पाण्याबरोबर इथंच उतरलं, असं त्या मनाशी धरत. पूर्वी जळगावात एका बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या आया होत्या. ही सवय तिथली. पुढं घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करू लागल्या, तरी ती सुटली नाही. नशिराबादच्या बसमध्ये बायका त्यांना खोदून विचारत, अमक्याची म्हातारी खरंच सुनेला शिव्या देते का, तमक्याला नेमकं झालंय तरी काय. सुनंदाबाई केळीच्या बागांचं, वाऱ्यापावसाचं बोलत. एकदा कंडक्टरच म्हणाला, या बाईच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली तापीत टाकलीय. सगळी बस हसली. त्याही हसल्या.

एक्क्याण्णवच्या होळीनंतर त्या नशिराबादला रतिलालभाऊंच्या घरी लागल्या. भाऊंची आई शेवंताबाई, तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. बोलणं तर असं झालं की घरातल्या कुणाला काही उमजेना. म्हातारी बरळते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सुनंदाबाईंनी पहिल्याच दिवशी कान जवळ नेला आणि त्या चमकल्या. म्हातारी बरळत नव्हती. माहेरचं बोलत होती. शेवंताबाई धुळ्याकडची, पांझरेकाठची. उभा जन्म या घरात काढून ती इकडच्याच बोलीत बोलायची, इकडचीच झाली होती. झटक्यानं वरचा सगळा थर खरवडून नेला आणि खाली दडलेली अहिराणी उघडी पडली, तीही अर्ध्या जिभेची, निसटत्या शब्दांची. सुनंदाबाई स्वतः साक्रीकडच्या. आपल्या आजीला ऐकावं तसं त्यांना ते ऐकू आलं.

तेव्हापासून त्या म्हातारीची जीभ झाल्या. तिच्या तोंडचं घराला सांगायचं आणि घराचं तिला. पण सगळंच्या सगळं नाही. सुनेच्या भाजीला म्हातारीनं मनसोक्त नावं ठेवली, तर दाराबाहेर एवढंच यायचं की मीठ जरा बेतानं घाला म्हणतात. म्हातारीला हे कळायचं. ती वाकड्या तोंडानं हसायची.

दुपारी घर निजलेलं असे. सुनंदाबाई तेल कोमट करून आणत आणि ती वळलेली मूठ मांडीवर घेऊन एकेक बोट उलगडत. दांडगाई केली की बोटं जास्तच मिटतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बोटांना त्या गाणं म्हणत, आपलं आपणच जुळवलेलं:

केळफूल उघडतं, एक पाकळी, दुसरी
आत दडली लेकरं, माय कशी ग विसरी

अशाच एका दुपारी ओवी संपली आणि म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मग थांबत थांबत ती बोलली. या घरी येण्याआधी तिचं एक लग्न झालेलं होतं. पहिली मुलं जगली नाहीत, म्हणून एक झालं त्याला जन्मतःच सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. तो अंगावर पीत असतानाच नवरा गेला. सासरच्यांनी पोर ठेवून घेतलं, बापानं तिला इकडं पाटाच्या लग्नानं दिली आणि इकडं सांगितलं की पोरीला मूलबाळ झालेलंच नाही. निघायच्या सकाळी भरला पान्हा तिनं चुलीच्या राखेत पिळला होता. इथल्या मालकाला पुढं तिनं सांगितलं होतं. तो चांगला माणूस, मरेपर्यंत ते पोटातच ठेवलं. रतिलालला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"कोनलेच सांगू नको," म्हातारी म्हणाली.

सुनंदाबाईंनी तिचा चांगला, डावा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. त्या दिवशी मोरीवर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

वैशाखात भाचीच्या लग्नाला म्हणून त्या साक्रीला गेल्या आणि परत आल्या तेव्हा भाऊंची बायको प्रमिला दारातच रडू लागली. तुम्ही नव्हत्या, तर माय काही मागत होत्या, मला कळेना. मी पाणी दिलं, चादर दिली, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. शेवटी अंथरूण ओलं झालं आणि त्या माझ्याकडं पाहीनात. मला शिकवा ना अक्का तुमची बोली. सासूचं मागणं कळू नये, यापरीस दुसरी लाज नाही.

सुनंदाबाईंना भरून आलं. इतक्या घरांत त्यांनी सेवा केली, पण असं मागणारी सून कुठं भेटली नव्हती. मागच्या ओसरीवर कापसाच्या वाती वळता वळता शिकवणी सुरू झाली. 'शे' म्हणजे आहे. 'बठ्ठा' म्हणजे सगळा. कुठला शब्द म्हातारीच्या जिभेवर अर्धा तुटतो, कुठला नाकातून येतो. प्रमिला हुशार होती. चुकली की पदर तोंडाला लावून हसायची, म्हणायची, माझ्या लेकीनं ऐकलं तर म्हणेल आईचंही डोकं फिरलं. घरच्यांपुढं मात्र ती काही कळत असल्याचं दाखवत नसे. सुनंदाबाईंना वाटलं, लाजते. नीट आल्यावर एकदम सासूशी बोलून तिला नवल दाखवणार असेल.

म्हातारी आता दुपारच्या वेळी सुपडूचं, राखेतल्या पान्ह्याचं पुन्हा पुन्हा सांगे, तेव्हा मधल्या दाराशी बांगडी वाजल्यासारखं त्यांना एकदा वाटलं होतं. मांजर असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

श्रावण आला. घरात कानबाई देवी बसायची होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांचा, जाड पोळ्यांचा, गहू घरातल्या थोरल्या बाईनं मोजायचा: भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक मूठ, नाव घेऊन. त्या पिठाचा रोट त्या कुळानंच खायचा. बाहेरच्याला घासभरही द्यायचा नाही. सुनंदाबाईंनी आपली भाकरी फडक्यात बांधून आणली होती.

भाऊबंद जमले. म्हातारीला लोडाला टेकवून बसवलं, समोर सूप, शेजारी गव्हाची परात. उजवा हात तर गेलेला. डाव्या हातानं देवीचं मोजावं का, अशी कुजबुज झाली, तेव्हा भाऊबंदातले थोरले झुलालआबा म्हणाले की दिलेला हात देवीनंच नेला, ती काय समजायची नाही. सगळे हसले आणि मोजणी सुरू झाली. म्हातारी मूठ भरे, ओठ हलवी. सुनंदाबाई नाव मोठ्यानं सांगत. आबांची मूठ पडली, रतिलालची, पुतण्यांची, परवा जन्मलेल्या चुलतनातवाचीसुद्धा.

नावं संपली. आबा उठायला लागले. तर म्हातारीनं पुन्हा परातीत हात घातला, मूठभर गहू उचलला, छातीशी धरला आणि सुपात सोडला. ओठ हलले. मग तिनं सुनंदाबाईंकडं अशा डोळ्यांनी पाहिलं की त्या डोळ्यांत भीतीही होती आणि समाधानही.

"ही कोनाची?" आबांनी विचारलं.

"देवीच्या नावाची," सुनंदाबाई म्हणाल्या. आवाज हलला नाही.

आबांनी हात जोडले. गोष्ट तिथंच संपली असती.

"खोटं कायले बोलता, अक्का?" प्रमिला म्हणाली. ती खांबाशी उभी होती. "त्याईनं सुपडू म्हटलं. मले समजते आता. सुपडू कोन, तेही सांगा बठ्ठ्यांले."

'बठ्ठा' हा शब्द सुनंदाबाईंनीच तिला दिलेला होता.

 मग प्रमिलाच बोलली, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून. पहिलं लग्न. सुपातलं पोर. सांगितलेलं खोटं. विहिरीचं शेत अजून मायच्या नावावर आहे, उद्या धुळ्याकडून कुणी वाटा मागायला आला तर काय करायचं, हेही. आणि सगळ्या पुरुषांच्या देखत तिनं तो राखेत पिळलेला पान्हासुद्धा सांगितला. तो सांगायची काहीच गरज नव्हती.

रतिलालभाऊ खाली पाहत राहिले. कुणीतरी म्हणालं, परक्या कुळाचा दाणा रोटात पडला. आबांनी सूप उचलून बाजूला ठेवायला सांगितलं, ते गाईला घाला, दुसरा गहू काढा म्हणाले. या वेळी नावं प्रमिलानं घेतली.

म्हातारीनं प्रमिलाकडं एकदाही पाहिलं नाही. ती पाहत होती सुनंदाबाईंकडं. प्रमिला काही म्हणो, म्हातारीच्या लेखी तिची बोली या घरात एकाच माणसाला कळत होती.

सुनंदाबाईंनी मागच्या ओसरीवर प्रमिलाला गाठलं. विचारलं एवढंच, की त्या दिवशी रडलीस, तेही खोटं होतं का. प्रमिला वाती गोळा करत होती. म्हणाली, नाही अक्का, ते खरं होतं. मग बोली कानाला लागली, आणि दाराआडून ऐकायला आलं. तुम्ही सांजच्या बसनं निघून जाता, मला इथंच राहायचंय.

थोड्या वेळानं रतिलालभाऊ आले. उद्यापासून येऊ नका, म्हणाले. आता प्रमिलाला समजतं सगळं. आणि घरातलं घरात राहिलेलं बरं. सुनंदाबाईंनी मान हलवली. त्यांना आता दुसरं काही नको होतं; म्हातारीनं एकदा ऐकून घ्यावं, एवढंच हवं होतं.

त्या आत गेल्या. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्या पायाशी बसल्या.

"माय, मी नाही सांगितलं."

पाठ हलली नाही.

"तुझा हात डोक्यावर घेतला होता मी. नाही सांगितलं."

तेवढ्यात प्रमिला दुधाचा पेला घेऊन आली. पेला ठेवून ती वळणार, तोच म्हातारी भिंतीकडंच पाहत पुटपुटली, "वारं लागस." कुणाला म्हणून नाही, असंच. प्रमिलानं जाता जाता हात लांब करून खिडकी लोटली आणि बाहेर गेली.

खोलीत अंधारून आलं. म्हातारीनं हळूहळू मान वळवली. लोटलेल्या खिडकीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. प्रमिलाला आपलं बोलणं समजतं, हे तिला कळलं. सुनंदाबाईंच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. देवीनंच साक्ष दिली, असं त्यांना वाटलं.

मग म्हातारीची नजर त्यांच्यावर येऊन थांबली.

"तू शिकाडं का तिले?"

नाही म्हणता आलं असतं. आज एकदा खोटं बोलून झालंच होतं, देवीसमोर, आणि जीभ अडखळली नव्हती.

"हं," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुला पाणी तरी मिळावं म्हणून."

म्हातारीनं तोंड पुन्हा भिंतीकडं केलं.  सुनंदाबाईंनी तेल कोमट करून आणलं, वळलेली मूठ मांडीवर घेतली आणि शेवटचं म्हणून एकेक बोट उलगडलं. गाणं म्हटलं नाही. बोटं मऊ होती, आज सहज उघडली. मग त्यांनी चांगला हात घ्यायला हात पुढं केला. सुपात दाणे सोडलेला तो हात, नखांत अजून गव्हाचा कोंडा होता, तो धुवायचा होता.

म्हातारीनं तो मिटला. बोटं तळव्यात घट्ट रोवली. सुनंदाबाई ओलं फडकं धरून बसून राहिल्या. या हाताला उघडायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं.

बाहेर बायकांनी कानबाईचं गाणं धरलं होतं, आणि त्यात प्रमिलाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. सुनंदाबाईंनी फडकं पिळून दांडीवर टाकलं, भाकरीचं न सोडलेलं फडकं उचललं आणि सांजची बस धरायला निघाल्या. मोरीवर त्या गेल्या नाहीत.