नदी नसलेलं गाव

प्रवासीकाकांना गाडी लागते, हे त्यांच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. बस शहराबाहेर पडायच्या आत त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं आणि पुढचे दोन दिवस माणूस कामातून जायचा. आणि हाच माणूस दर आठवड्याला रेडिओवरून लोकांना देशभर हिंडवून आणायचा! कुठल्यातरी गावचं गाणं लावायचा आणि गाण्याचं बोट धरून त्या गावात शिरायचा. गाणी गोळा करायला दुसरी माणसं जात. त्यांनी आणलेल्या टेपच्या खोक्यावर गावाचं नाव लिहिलेलं असे, बाकी काही नाही. उरलेलं गाव काका स्टुडिओतल्या खुर्चीत बसून स्वतः उभं करायचे. झाडं लावायचे, पायवाटा पाडायचे, ऊन कलतं करायचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. काकांचे तर डोंगरसुद्धा घरी केलेले.

"रिटायर झालो की आपण दोघं जाऊ," असं ते बायकोला सांगत आले होते. असं सांगायला काही पैसे पडत नाहीत. पण रिटायर होण्याचा दिवस उजाडला, त्यांच्याबरोबर कार्यक्रमही बंद व्हायचा होता, आणि बायकोनं दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं काढून आणली. कुठली, तर काकांच्या कार्यक्रमात ज्या गावचे नावाडी संध्याकाळी गात गात परत येतात त्या गावची. काकांना तिकीट बघूनच गाडी लागली. गाडीचं एक सोडा, पण ते दमले होते. दमणं असं हाडात जाऊन बसलं होतं, की त्यांना कुठेही जायचं नव्हतं, कुणाशी बोलायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं. हे तिला कसं सांगावं, याच विचारात ते शेवटच्या कार्यक्रमाला जाऊन बसले.

शेवटचा कार्यक्रम म्हणून श्रोत्यांचे फोन घ्यायचं ठरलं होतं. आभार झाले, तब्येतीला जपा झालं. मग एका म्हाताऱ्याचा फोन आला. त्यानं जन्मभर खाणीत दगड फोडला होता, आणि त्याला नेमकं तेच नावाड्यांचं गाणं हवं होतं. काकांनी लावलं. दहाबारा गडी, ताल धरून "हो हो" करणारे. गाणं संपलं, तसा म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "काका, एक सांगू? रागावू नका. आमच्या गावात नदी नाही."

काचेपलीकडची मशीनवाली बाई दचकून वर बघायला लागली.

"नदी नाही?"

"साधा ओढासुद्धा नाही. हे दगड ओढतानाचं गाणं. दोर खेचताना आम्ही हो हो करायचो, तुम्हाला ती वल्ही वाटली. त्यात माझा आवाज आहे ना."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कशाला बोलायचं? आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो, काका. तुम्ही एवढी मोठी नदी दिलीत, वर होड्या दिल्यात. ते रेडिओवर लागलं त्या दिवशी सगळा गाव नदीकाठी बसल्यासारखा बसला होता. आता तुम्ही निघालात, म्हणून म्हटलं, सांगून टाकावं. मनात राहायला नको."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण आयुष्यभर केलं, हे काकांना पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं. सारवासारव करायचं त्यांच्या अंगात त्राणही नव्हतं. ते म्हणाले, "बाबा, मी तुमच्या गावाला आलेलोच नाही. कुणाच्याच गावाला आलेलो नाही. मला गाडी लागते."

आता लोक शिव्या घालणार, असं धरून ते बसून राहिले. फोन खणखणायला लागले. पहिली एक शिंपीण होती. "अहो, आमचा डोंगर अगदी बोडका आहे. तुम्ही त्यावर जंगल उभं केलंत. मला वाटलं, आमच्याच बाबतीत तुमचं चुकलं. बाकीचं सगळं खरं असणार!" पुढच्यानंही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानंही. प्रत्येकाला आपापलं गाव खोटं असल्याचं ठाऊक होतं आणि बाकीच्या अख्ख्या देशावर प्रत्येकाचा विश्वास होता. मशीनवाली बाई पदराआड हसून हसून बेजार झाली. काकांना हसू आलं नाही. झाकली मूठ उघडली, आत काही निघालं नाही, आणि तरी कुणी रागावलं नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगले निघालात," ते शेवटी म्हणाले. "मी फार दमलोय. इतकी वर्षं ऐकून घेतलंत. येतो आता." आणि त्यांनी माईक बंद केला.

जिना उतरताना त्यांच्या डोक्यात आलं, की नदीच नाही म्हटल्यावर तिथं जाण्यात काय अर्थ? त्यांना केवढं हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली, पण घर येईपर्यंत लाज मागे पडली होती.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती रेडिओ पुसून ठेवत होती.

"ऐकलंस ना? नदीच नाही तिथं," काका चप्पल काढता काढता म्हणाले. "तिकिटं परत करून टाकू."

"मी काय नदीसाठी चालले होते?"

"मग कशासाठी?"

"तुम्ही तासभर सगळ्या देशाशी इतकं गोड बोलायचात. घरी आलात, की मीठ कमी आहे, बस. मग मीही रेडिओ लावून बसायचे, बाकीच्यांसारखी. वाटायचं, त्यातल्या एकातरी जागी या माणसाच्या शेजारी जाऊन उभं राहावं."

"अगं, दमलोय गं मी."

"दिसतंय की. तुम्ही राहा. मी जाते, आणि काय आहे ते तुम्हाला सांगते."

तिनं आवाज चढवला असता तर काकांना बरं वाटलं असतं. सकाळी ती निघाली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते, पण वळले नाहीत.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"पोहोचलीस?"

"पोहोचले. तुमच्या त्या बाबांकडेच उतरलेय."

"कसं आहे गाव?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे कसं?"

"धूळ आहे. दगड आहेत. माणसं चांगली आहेत."

"असं नाही गं. उजेड कसा आहे? लोक कुठे बसलेत? मागे कसला आवाज येतोय?"

"मला नाही बाई येत तुमच्यासारखं सांगता."

काकांनी डोळे मिटून गाव उभं करायला घेतलं. आधी नदीच आली. ती त्यांनी पुसून टाकली. होड्या गेल्या, काठ गेला. उरली धूळ आणि धुळीत उभी असलेली बायको. निदान ती तरी नीट दिसावी म्हणून त्यांनी जोर लावला, तर तीही दिसेना. सगळ्या देशाची झाडं रंगवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचं आजचं रूप जमत नव्हतं.

"अगं, कुठल्या रंगाचे कपडे घातलेस आज?"

"लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा विचारलंत," ती म्हणाली. "मी नाही सांगायची. येऊन बघा."

काकांनी फोन ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारायला शेजारी गेले.