साडूचे सात हजाराचे जोडे

आधीच सांगून टाकतो, मी जळका माणूस आहे. माझी बायको रीता म्हणते, दुसऱ्याचं बरं झालं की तुमच्या गळ्याखाली घास उतरत नाही. पण मी काही सगळ्यांवर जळत नाही. गावात कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणाच्या घरावर स्लॅब पडला, घ्या बाप्पा, मले काय करायचं. माझा जीव जळते तो एकाच माणसावर. धनंजयवर. माझा साडू तो, रीताच्या लहान बहिणीचा, रेणूचा नवरा.

साडूचं नातंच बेकार. एका घरचे दोन जावई, एकाच सपरीत, ओसरीवर, बसवते, एकाच टायमाले ताट वाढते आणि मग सारं गाव दोघांले तोलून पाहते. मी दिघोरीचा. चार एकर धान, पायात वर्षभर रबरी चप्पल, नाहीतर चिखल. तो कारध्याले राहते, पूल ओलांडला की भंडारा, तिथं त्याचं खत-बियाण्याचं दुकान. तो सासुरवाडीले आला की आमचे सासरे भय्याजी दुपट्ट्यानं खुर्ची पुसून देते. मी आलो की म्हणते, "बसा गोपीचंदजी, बाज आहेच ना तिथं."

दोन वर्षांआधी त्याच्या पायात ते जोडे आले. पांढरे, निळ्या तळाचे, चांगले जाडजूड. मी सहज किंमत विचारली तर खाली पाहत म्हणाला, "सात हजार." सात हजार, पायात घालायले. मी म्हटलं, "धनंजयराव, तेवढ्यात माझे पंधरा जोडे येते आणि माझ्या पोराच्या लग्नापर्यंत पुरते." तो फक्त हसला. हा माणूस भांडतही नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

आणि नखरे किती. आमच्याकडे जावई अंगणात आला की साळा पाय धुते, टॉवेलानं पुसते, मगच जावयानं आत जायचं. हा पूर्वीचा रिवाज आहे, माझेही धुते. पण धनंजय दोन वर्षांपासून पाय धुवूच देत नव्हता. आमचा साळा कमलेश पाण्याचा गुंड घेऊन उभा राहायचा आणि हा म्हणायचा, "राहू दे कमलेश, पाणी नको." मोजे न काढता सरळ आत. मी मनात म्हणायचो, पाहा, दुकानदार झाला तर साळ्याचा हातही चालत नाही पायाले.

सगळ्यात जास्त मिरच्या झोंबायच्या त्या रेणूपायी. धनंजय बाहेर निघाला की ती आधी धावत यायची. दोन्ही जोडे उलटे करायची, आपटायची, मग आत पार बोटापर्यंत हात घालून चाचपून पाहायची. मग त्याच्यापुढं ठेवायची. लोक देवाची मूर्ती एवढी सांभाळत नाही. आमच्या लग्नाले चौदा वर्षं झाली, रीतानं माझ्या चपलेले हात लावला तो कुत्र्याले फेकून मारायले.

मी एकदा तिले म्हटलं, "रेणू पाहा कशी नवऱ्याचे जोडे सांभाळते."

"तुम्ही सात हजाराचे आणा, मीही सांभाळतो," रीता म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

आमच्या इकडच्या बायकाही 'करतो', 'जातो' असंच बोलते. पण त्या दिवशी ते 'सांभाळतो' मले असं लागलं की दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. ती गमतीनं म्हणाली असन. असू दे. मले तर वाटलं, हिच्याही मनात मापून झालं.

दिवाळीच्या आधी लाखांदूरच्या बाजारात मले तेच जोडे दिसले. तसेच पांढरे, तसाच निळा तळ, नावाचं चिन्ह फक्त थोडं वाकडं. साडेचारशे सांगितले, चारशेत दिले. आठ नंबर. धनंजयचाही आठच, मले माहीत होतं. घरी आणून मी ते रीतापुढं ठेवले आणि म्हटलं, "सांग, यात आणि त्यात काय फरक आहे?" ती म्हणाली, "दिसते तर सारखेच." माझं काळीज गार झालं.

पंधरा दिवसांत उजव्या जोड्याचा तळ टाचेकडून उघडला. मोची शोधत कोण फिरते, मीच दोन बारीक खिळे ठोकले. एकाचं टोक आत आलं. टोचलं की मी थांबायचो, दगडानं ठोकायचो, वरून पुठ्ठ्याचा तुकडा टाकायचो आणि पुन्हा चालायचो. रीताले सांगितलं नाही. चारशेचा जोडा खराब निघाला हे मी त्या घरात कोणालेच सांगणार नव्हतो.

मग सासुरवाडीची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी दंडारीचा नाच, पाळणे, उकडलेले शिंगाडे, रात्री नाटक. लेकी-जावयांले बोलावणं असते, नाही गेलं तर सासरा वर्षभर ऐकवते. आम्ही एसटीनं आलो, ते त्यांच्या गाडीनं. कमलेशनं माझे पाय धुतले. धनंजय मोजे घालूनच आत गेला. पायरीपाशी दोन्ही जोड बाजूबाजूनं होते, आणि खरं सांगतो, दुरून मलेही ओळखू येत नव्हते.

जेवणं झाल्यावर सगळे मंडईत निघाले. रेणू आली, तिनं नवऱ्याचे जोडे उलटे केले, आपटले, हात घालून पाहिले आणि पायरीवर ठेवले. तेवढ्यात सासूबाईनं, सत्यभामाबाईनं, तिले आत हाक मारली. अंगणात कोणी नव्हतं. मी खाली बसलो, माझे जोडे पायरीवर ठेवले आणि त्याचे माझ्या पायात घातले.

आता हे मी कोणाले सांगितलं नाही, रीतालेही नाही. ठेवायच्या आधी मी उजव्या जोड्यातला पुठ्ठा काढून घेतला. खिशात टाकला. मले वाटलं, थोडं टोचू दे. टोचलं की तो लंगडन, चारचौघांत थांबन, जोडा काढून पाहन. मग मी म्हणीन, "काहून धनंजयराव, आमचे चारशेवाले पायाले झेपत नाही का?" एवढंच. त्याच्या पायाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. त्याची फजिती व्हावी एवढंच होतं.

धनंजय आला, मोबाईलवर बोलत बोलत माझ्या जोड्यात पाय घातले, लेसा बांधल्या आणि निघाला.

त्याच्या जोड्यांचं काय सांगू. पहिल्या दहा पावलांतच मी मनातल्या मनात हरलो. पायाखाली कोणी कापसाची गादी अंथरत चाललं आहे, असं वाटत होतं. रस्त्यावर सगळी गिट्टी होती, एक खडा लागला नाही. सात हजार कायले देते लोक, ते मले तिथंच समजलं, आणि समजल्यावर आणखीच राग आला. हे सुख हा माणूस रोज पायात घालून फिरते आणि वरून मुकाट्यानं हसते.

मी त्याच्या मागं मागं चालत होतो आणि त्याचा उजवा पाय पाहत होतो. आता लंगडन, मग लंगडन. तो दंडारीपाशी अर्धा तास उभा राहिला. पोरांले पाळण्यात बसवून आणलं. शिंगाडे घेतले, सोलून मले दिले, "घ्या साडभाऊ, गोड आहे." चेहऱ्यावर एक आठी नाही. मले तो खिळा तीनशे पावलांत रडवायचा आणि हा दोन तास मंडईभर फिरला. मी मनात म्हटलं, देवा, याले माझा खिळाही टोचत नाही का? याचं नशीब खिळ्यालेही कळते का?

मग मी बेत बदलला. नाही लंगडला तर आणखी चांगलं. घरी पोहोचल्यावर सगळ्यांपुढं सांगू.

चार वाजता सगळे अंगणात बसले. भय्याजी बाजेवर, धनंजय पुसलेल्या खुर्चीवर, रेणू चहाचा ट्रे घेऊन आली. रीता माझ्या बाजूले होती. मी गळा साफ केला.

"मामाजी, एक गंमत सांगतो," मी म्हटलं. "धनंजयरावांचे जोडे सात हजाराचे, माझे चारशेचे. आज दुपारी मी बदलून टाकले. दोन तास हे माझे जोडे घालून फिरले, आणि यांले पत्ताही नाही. आता सांगा, सहा हजार सहाशे कायचे दिले?"

भय्याजी हसले. कमलेश तर टाळी देऊन हसला, म्हणाला, "भाऊजी, मानलं तुम्हाले." मी रीताकडं पाहिलं, तीही हसत होती, माझ्याकडं पाहून. दोन वर्षांपासून मी त्या एका नजरेची वाट पाहत होतो. ती मले भेटली आणि एक घोट चहा पिऊन होईपर्यंत टिकली.

धनंजय हसला नाही. त्यानं आधी आपल्या पायाकडं पाहिलं, मग रेणूकडं. रेणूनं ट्रे जमिनीवर ठेवला. कप कलंडले, तिनं पाहिलं नाही. ती त्याच्यापुढं बसली आणि लेस सोडायले लागली. गाठ लवकर सुटत नव्हती.

"दुखत नाही रेणू," धनंजय म्हणाला. "काही नसन झालं."

"तुम्हाले कधी दुखते," ती म्हणाली.

उजवा जोडा निघाला. मोज्याची टाच लाल झाली होती, आणि ते रक्त मोज्यातून पार बोटांकडं गेलं होतं. मोजा काढला तर टाचेत एक भोक, आणि बाजूची चामडी घासून सुटलेली. त्या पायाचं लहान बोट नव्हतंच. जिथं बोट असते तिथं जुना वण होता. दोन वर्षांपासून तो पाय आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

सासूबाई तोंडाले पदर लावून म्हणाल्या, "हे काय बाई?"

रेणूनं मान वर न करता सांगितलं. शुगर आहे. पाच वर्षं झाली. पायाची जाणीव गेली, चटका बसला तरी कळत नाही. एकदा जोड्यात खडा राहिला होता, दिवसभर घालून फिरले, त्यात बोट गेलं. मग डॉक्टरनं हे जोडे घ्यायले लावले आणि सांगितलं, रोज आत हात घालून पाहायचं. "तुम्हाले घोर लागन म्हणून सांगितलं नाही, बाबा. यांनीच नको म्हटलं," ती भय्याजींले म्हणाली.

मग तिनं माझा जोडा उचलला आणि सवयीनं आत हात घातला. लगेच हात मागं घेतला. तिच्या बोटाले रक्ताचा थेंब आला होता. ते तिचं होतं की त्याचं, कोण जाणे.

रीता माझ्याकडं पाहत होती. ती बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. चौदा वर्षांत तिनं मले असं कधी पाहिलं नव्हतं.

गाडी कमलेशनं चालवली. लाखांदूरच्या दवाखान्यात मीही गेलो, कोणी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. डॉक्टरनं जखम धुतली, आत सळई घालून खोली पाहिली. ते पाहून माझ्याच टाचेत कळ आली. धनंजय पंख्याकडं पाहत पडला होता. डॉक्टर म्हणाले, "हाडापर्यंत नाही गेलं वाटते. पण आठ दिवस काही सांगता येत नाही. पाय वाचला तर नशीब समजा." रेणूनं "हाव" म्हटलं, दाखल करण्याबद्दल विचारलं आणि औषधं आणायले गेली. जाताना माझे जोडे माझ्यापुढं ठेवले.

"खिळा काढून टाका भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या पायाले लागन."

मी खिशात हात घातला. पुठ्ठा तिथंच होता, घडी पडलेला. मले वाटलं, आता सांगून टाकावं. चूक झाली नाही, केली आहे, हे सांगावं. पुठ्ठा खिशात आणखी खाली दाबला.

धनंजयनं हात केला, जवळ बोलावलं. मी खाटेपाशी गेलो. त्याचे पांढरे जोडे अजून माझ्याच पायात होते, गडबडीत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्याची नजर तिथं गेली. मी खाली वाकून लेस सोडायले लागलो.

"राहू द्या, साडभाऊ," तो म्हणाला. "मंडईत हेच घालून फिरले ना तुम्ही?"

"हाव."

"मग सांगा ना, कसे वाटते आतून?"

मले वाटलं टोमणा आहे. मान वर करून पाहिलं तर टोमणा नव्हता. खरंच विचारून राहिला होता.

"दुकानवाला म्हणे लय मऊ आहे," तो म्हणाला. "मी दोन वर्षांपासून घालतो, मले काही समजलंच नाही. रेणूले विचारलं तर ती हातानं पाहून सांगते. पायानं कसे वाटते, ते तुम्हीच सांगू शकता."

मी तिथंच खाटेच्या कडेले बसलो, दोन्ही जोडे काढले. एक माझ्या हातात होता, आतून अजून माझ्या पायाच्या गरमीनं कोमट.

"मऊ आहे," मी म्हटलं. "खडा लागत नाही."

"गाळात उतरल्यासारखं वाटते का? धान रोवायच्या वेळी, बांधीत पहिला पाय टाकला की वाटते तसं?"

"हाव," मी म्हटलं. "तसंच वाटते."

तो डोळे मिटून पडला. मी त्याचे जोडे उलटे केले, आपटले, आत बोटापर्यंत हात घालून पाहिलं आणि खाटेखाली ठेवले.